गाणारा अजून आला न्हाई काय ओ?

बेळगावात तोंड उघडायच्या आधी भाषा निवडावी लागते. भाजीवालीशी कन्नड, वखारवाल्याशी मराठी, कॅम्पातल्या बेकरीत कोकणी नाहीतर इंग्लिश, आणि कचेरीत साहेब ज्या भाषेत खुशीत असेल ती. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ला झाली, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१४ मध्ये गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, आणि २०२४ च्या कायद्याप्रमाणे दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. इथल्या पोराला पानिपतची तारीख विचारली तर डोकं खाजवेल. या तारखा मात्र झोपेतून उठवून विचारा.

त्यात आमचं शहापूर. इंग्रजांच्या काळात बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला चिकटलेलं शहापूर सांगलीच्या पटवर्धन संस्थानाचं. म्हणजे आमचे पणजोबा कोथिंबिरीच्या जुडीसाठी संस्थानातून ब्रिटिश हद्दीत जाऊन परत यायचे. बाकीच्यांना सीमाप्रश्न १९५६ ला मिळाला, आम्हाला तो वंशपरंपरेनं आहे.

अशा गावात सत्तरी ओलांडलेल्या चौघांनी ठरवलं की तरुणपणी मोडलेला आपला बँड एका संध्याकाळपुरता पुन्हा उभा करायचा आणि ज्यांना शब्दच नाहीत अशा गिटारच्या धून वाजवायच्या. शॅडोज, व्हेंचर्स, डुएन एडी, डिक डेल. गायक नाही, गीत नाही, म्हणजे भाषा नाही. भाषा नाही, म्हणजे वाद नाही. हे गणित लीड गिटारवाल्या काकांनी मांडलं. काकांनी आयुष्यभर विमा विकलेला असल्यामुळं जोखमीचा हिशेब त्यांना कळत असणार असं सगळे धरून चालले. निवेदक म्हणून त्यांनी मला नेमलं. शब्द नसलेल्या कार्यक्रमात बोलणारा एकटा मीच. पुढचा सगळा ताप कुणाच्या माथी आला हे वेगळं सांगायला नको.

ज्यांच्या कानावरून हे संगीत गेलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९५८ ते १९६४ ही पाचसहा वर्षं जगात अशी होती की चार पोरं गिटारी घेऊन उभी राहायची, कुणीच गायचं नाही, आणि तरी लोक तबकड्या विकत घ्यायचे. अमेरिकेत टकोमा नावाच्या गावात बॉब बोगल आणि डॉन विल्सन हे दोघे विटा-सिमेंटच्या कामावर होते. त्यांनी जुन्या गिटारी घेतल्या, व्हेंचर्स नाव लावलं आणि १९६० मध्ये 'वॉक, डोंट रन' वाजवून अमेरिकेच्या यादीत दुसरा नंबर गाठला. त्याच वर्षी इंग्लंडात शॅडोजनी 'अपाची' वाजवलं. हे शॅडोज म्हणजे क्लिफ रिचर्डच्या मागं उभं राहून साथ करणारे. क्लिफ आपल्या लखनौत १९४० ला जन्मलेला. 'अपाची'नं काय केलं, तर पहिल्या नंबरावर बसलेलं क्लिफचंच गाणं खाली उतरवलं आणि आपण पाच आठवडे तिथं बसलं. साथीदारानं मुख्य गायकाला असं उतरवणं आपल्याकडे बसत नाही. आपल्याकडे तबलजी फार तर तिहाईला जरा जास्त वेळ घेतो.

हे लोण शहापुरात कसं आलं? एक रस्ता रेडिओ सिलोनचा. दुसरा कॅम्पाचा. बेळगावचा कॅम्प म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, मिशनच्या शाळा, चर्च, आणि गोव्याहून येऊन स्थिरावलेली माणसं. त्यांच्या घरात व्हायोलिन आणि गिटार या चैनीच्या वस्तू नव्हत्या. तिसरा रस्ता सिनेमाचा, आणि तो सगळ्यांत रुंद. १९६५ ला 'गुमनाम' आला. दिग्दर्शक राजा नवाथे, नायिका आपल्या मास्टर विनायकांची नंदा, संगीत शंकर-जयकिशनचं. त्यात सुरुवातीलाच क्लबमधलं ते रफीचं गाणं आहे, मुखवटे लावून नाचणारी मंडळी आहेत आणि मागं टेड लायन्स अँड हिज कब्ज हा मुंबईचा खराखुरा बँड गिटारी घेऊन उभा आहे. आमच्या चौघांनी तो सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला, आणि दर वेळी गाणं संपल्यावर बाहेर आले. खून कुणी केला हे लीडवाल्या काकांना अजून माहीत नाही. कुणी सांगायला लागलं तर ते थांबवतात.

चौघांची ओळख करून द्यायला हवी, पण नावांनी नको. बँडच्या नावाचाही उल्लेख टाळतो, कारण ते नाव नक्की काय होतं यावर चौघांचं चार प्रकारे म्हणणं आहे. लीड गिटार काकांची. रिदम गिटार शेटची, ज्यांची सराफ गल्लीत पिढीजात पेढी. बेसवर कॅम्पातले अंकल. आणि ड्रमवर खासबागचे अण्णा, ज्यांच्या घरात तीन पिढ्या माग चालले आणि शहापुरी साड्या विणल्या गेल्या. काका घरात मराठी बोलतात, अण्णा कन्नड, अंकल कोकणी. शेट गिऱ्हाईक बोलेल ती. तालमीत भांडण सुरू मराठीत व्हायचं, चढायचं कन्नडमध्ये आणि शेवटची शिवी कोकणीत पडायची, कारण ती उरलेल्यांना नीट कळत नसे आणि त्यामुळं दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र बसता येत असे.

त्या काळात या पोरांनी गिटार मिळवली कशी, हा स्वतंत्र पुराणाचा विषय आहे. शॅडोजच्या लीडवाल्या हँक मार्व्हिनला लाल रंगाची फेंडर स्ट्रॅटोकास्टर क्लिफ रिचर्डनं १९५९ मध्ये थेट अमेरिकेहून मागवून दिली होती. आमच्या काकांना क्लिफ भेटला नाही. त्यांनी साधी लाकडी गिटार घेतली, टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं तिच्या पोटाला चिकटवलं आणि वायर घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागून जोडली. त्या रेडिओंना मागं ग्रामोफोन लावायचं भोक असे; गिटार तिथं लावली की रेडिओच ॲम्प्लिफायर. अडचण एवढीच की रात्री पावणेनऊच्या बातम्यांना वडील यायचे. काकांची कित्येक सोलो त्या बातम्यांनी मध्येच तोडलेली आहेत, आणि अजूनही ते ती तिथंच थांबवतात. पहिली तार तुटली की सायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एक धागा उसवून लावायचा. बोटं कापायची. पण सायकलचा ब्रेकही लागायचा बंद होत असल्यामुळं बोटाकडं कुणाचं लक्ष नसे.

एकोची गोष्ट याहून मोठी. या सगळ्या संगीताचा जीव एकोत आहे. हँक मार्व्हिनकडं त्यासाठी फिरत्या टेपचं इटालियन यंत्र होतं. डुएन एडीच्या निर्मात्यानं ॲरिझोनात दोन हजार गॅलनची पाण्याची रिकामी टाकी आणली, एका टोकाला स्पीकर ठेवला, दुसऱ्या टोकाला माईक, आणि १९५८ चं 'रिबेल राउझर' त्या टाकीतून घुमून आलं. हे कुठल्याशा मासिकात अंकलनी वाचलं. शहापुरात रिकामी टाकी कुणाकडं असणार? पण जुन्या घरांत मागीलदारी आड होते. काकांच्या आडात स्पीकर सोडला, कठड्यावर माईक धरला, आणि काय सांगू, आवाज असा आला की आसपासच्या घरांतून लोक बाहेर आले. त्यातल्या निम्म्यांना वाटलं कुणीतरी आत पडलं. दोर घेऊन आलेल्या माणसांना 'अपाची' समजावून सांगणं हा बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम होता.

तेव्हाचे त्यांचे खरे कार्यक्रम व्हायचे गणपतीत. भावगीत, नाट्यगीत, मग सिनेमाची गाणी, आणि मध्ये गायक घसा ओला करायला गेला की ऑर्केस्ट्राच्या भाषेत 'म्युझिक पीस'. म्युझिक पीस म्हणजे प्रेक्षकांनी चहा घेऊन यायची वेळ, हा नियम सबंध महाराष्ट्रात होता आणि सीमेच्या अलीकडंही तो लागू होता. यावर कुणीही दुमत दाखवलेलं मला आठवत नाही. व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली गिटारवर वाजवायचे तेव्हा लोक बसून राहायचे, कारण ती सिनेमाची गाणी. गिटार नुसती सूर सोडते, शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उमटतात. शॅडोजच्या धुनांचं तसं नाही. तिथं डोक्यात काहीच उमटत नाही. माणूस सुरांसमोर एकटा पडतो, आणि एकटं पडलेल्या माणसाला चहा आठवतो.

मग नोकऱ्या लागल्या, बदल्या झाल्या, लग्नं झाली, बँड मोडला. १९७० आणि ७१ ला सिगारेट कंपनीनं भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेला मुंबईला जायचं ठरलं होतं, आणि गाडीभाड्याचे पैसे कुणी खर्चले यावरून तो मोडला, असंही एक मत आहे. ते शेटचं. उरलेले तिघे यावर बोलत नाहीत.

तर रीयुनियन. तालीम शेटच्या माडीवर. तालीम म्हणजे तीन तास, त्यात वाजवणं अर्धा तास. शब्द नसलेल्या संगीतावर इतकं बोलता येतं हे मला तिथं कळलं. पहिला तास ट्यूनिंगचा. शेटनी सारा जन्म गुंजेच्या हिशेबात काढलेला. एखादी तार केसभर उतरली असेल तर त्यांना ती सोन्यातल्या भेसळीगत बोचते. कानाला लावून, डोळे मिटून ते ती पारखत. आता मोबाइलवर ट्यूनर असतो, हिरवा दिवा लागला की झालं. पण शेटचा दिव्यावर विश्वास नाही. "दिवा हिरवा हाय ओ, खरं सूर पिवळा हाय," असं ते म्हणाले, आणि अण्णांनी मान डोलावली, जरी ड्रमला या प्रश्नाशी काही देणंघेणं नव्हतं. शॅडोजचा रिदमवाला ब्रूस वेल्च हाही ट्यूनिंगच्या बाबतीत असाच काटेकोर म्हणून प्रसिद्ध. हे मी सांगितल्यावर शेट खूष झाले आणि दुसरा ताससुद्धा ट्यूनिंगला गेला.

अण्णांचं वेगळंच. त्यांना लय शिकवावी लागली नाही. ज्याचं बालपण यंत्रमागाच्या शेजारी गेलं त्याच्या अंगात ठोका पक्का बसतो. सर्फेरीज नावाच्या पोरांचं १९६३ चं 'वाइप आउट' म्हणून आहे, ज्यात ड्रमवाल्याला एकट्यानं बडवायचं असतं. ते अण्णा डोळे झाकून वाजवतात. फक्त थांबत नाहीत. माग एकदा सुरू केला की पदर विणून झाल्याशिवाय कोण थांबवतो? काकांनी हात वर केला, शेटनी खोकून बघितलं, शेवटी अंकलनी जाऊन कांडी धरली. कार्यक्रमात काय करायचं, यावर ठराव झाला की 'वाइप आउट' शेवटून दुसरं घ्यायचं, म्हणजे फार तर शेवटचं राहील.

आता फ्लेक्स. वाद इथून सुरू झाला. मजकूर मराठीत करावा तर अण्णांच्या गल्लीत लावता येईना. कन्नडमध्ये करावा तर काकांच्या गल्लीत. दोन्हींत करावा तर वर कोण आणि खाली कोण. साठ टक्क्यांचा नियम दुकानांच्या पाट्यांना आहे, घरगुती कार्यक्रमाला कसा लागेल, असं काका म्हणाले. लागतो का नाही हे दगड पडल्यावर कळतं, असं फ्लेक्सवाला पोरगा म्हणाला. त्याचा अनुभव दांडगा. शेवटी निर्णय झाला की अक्षरच नको. नुसतं लाल गिटारचं चित्र, आणि खाली तारीख-वेळ. मग आकडे मराठी की कन्नड? ते इंग्रजी घातले. इंग्रजी कुणाचंच नसल्यामुळं त्यावर इथं सगळ्यांचं एकमत होतं. फ्लेक्स लागला. दुसऱ्या दिवसापासून लोक शेटच्या पेढीवर येऊन विचारायला लागले की गिटार केवढ्याला आहे. दोघांनी नातवंडांचा क्लासला प्रवेशही मागितला.

लाउडस्पीकरचा परवाना काढायला मी आणि अंकल गेलो. रात्री दहानंतर वाजवायचं नाही हा २००० सालचा नियम आम्हाला ठाऊक होता, तसा आमचा बेत साडेनऊला संपायचा होता. साहेबांनी विचारलं, गाणी कुठल्या भाषेतली? म्हटलं, भाषा नाही. ते म्हणाले, असं कसं? म्हटलं, शब्दच नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. शब्द नसलेल्या कार्यक्रमात नेमकं काय बोलणार आहात, हे त्यांना जास्त संशयास्पद वाटलं. आणि त्यांचं चूक होतं असं तरी कसं म्हणू? अमेरिकेत १९५८ ला लिंक रे याच्या 'रंबल' या धूनवर काही रेडिओ केंद्रांनी बंदी घातली होती. त्यात एक शब्द नाही. नुसती गिटार खरखरते. पण त्या नावाचा अर्थ पोरांच्या टोळ्यांची मारामारी, आणि ऐकून पोरं बिघडतील अशी भीती. शब्दांवर बंदी घालणं सोपं, ते खोडता येतात. सुराला काय खोडणार? म्हणून अख्खी धूनच बंद. अंकल हे साहेबांना सांगायला लागले होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

कार्यक्रमाची संध्याकाळ. मंगल कार्यालय भरलं. पुढच्या रांगांत नातेवाईक, मध्ये जुनी ओळखीची माणसं, मागं गिटारच्या चौकशीला आलेले. माझ्या निवेदनाचं वजन आधीच शेटनी ठरवून दिलं होतं: मराठी, कन्नड आणि इंग्लिश, तिन्ही सारखं. ते घड्याळ लावून बसले होते. या धून मुळात दोन-अडीच मिनिटांच्या, 'अपाची'सुद्धा तीन मिनिटांच्या आत संपतं. तीन भाषांत माझं बोलणं व्हायला धूनपेक्षा जास्त वेळ लागायला लागला. चौथ्या धूनपाशी मी पाहिलं तर लोक माझ्या बोलण्याला बसून होते आणि वाजवायला लागले की उठत होते. जुना नियम. चहा बाहेरच ठेवला होता.

पुढच्याच रांगेत अण्णांच्या नात्यातल्या एक आजी, काठी घेऊन, डोक्यावर पदर. पहिली धून झाली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी झाली. तिसरी झाल्यावर त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "गाणारा अजून आला न्हाई काय ओ?" म्हटलं, आजी, यात गाणारा नसतो. त्या म्हणाल्या, "असूंदे. ट्राफिकात अडकला आसंल. कपलेश्वराच्या पुलावर लई गर्दी असतीया." त्यानंतर त्या दर धूनला दाराकडं बघत होत्या. चारही वाजवणाऱ्यांबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, की बिचारी पोरं किती वेळ सांभाळून धरूलाल्यात.

डिक डेलच्या 'मिसिर्लू'ला खरी परीक्षा झाली. मूळ धून भूमध्य समुद्राकाठची, १९६२ मध्ये डेलनं ती गिटारवर अशी झपाट्यानं वाजवली की तिचं वय कुणाला कळेना, आणि १९९४ ला 'पल्प फिक्शन' या सिनेमानं ती पुन्हा वर काढली. काकांनी सुरू केली आणि पहिल्या ओळीलाच दुसऱ्या रांगेतून काकू उठल्या. काकू पेटी शिकलेल्या. हे रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव, इथं पेटी घरोघरी. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. इथं कुणालाही काहीही ऐकवून निसटता येत नाही. काकूंनी धून पूर्ण होऊ दिली, तेवढी सभ्यता होती, आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, रे कोमल, ध कोमल, बाकी शुद्ध. हा भैरव आहे! संध्याकाळी साडेसातला भैरव?" सभागृहात कुजबुज झाली. काकांनी माईकवरून सांगितलं की अमेरिकेत आत्ता सकाळ आहे. हे उत्तर त्यांनी घरून तयार करून आणलं असावं, कारण तालमीलासुद्धा काकू माडीच्या जिन्यात बसत.

शॅडोजची एक खासियत पायांची. तिघे गिटारवाले वाजवता वाजवता एकाच वेळी पाऊल पुढं, पाऊल मागं, आणि मग एक पाय तिरका. इंग्लंडात पोरी त्यावर किंचाळायच्या. आमच्या तिघांचे मिळून गुडघे सहा, त्यातले तीन बदललेले. पुढचं पाऊल तिघांचंही बरोबर पडलं. मागचं पडायच्या वेळी अंकलना केबल आडवी आली, ते थांबले, शेट त्यांच्यावर आले, आणि काका मात्र तिरका पाय घेऊन तसेच उभे राहिले, कारण खाली टेकवायला बाजूला जागा राहिली नव्हती. टाळ्या सगळ्यांत जास्त यालाच पडल्या. आजीही हसल्या. पुन्हा एकदा करा म्हणून मागणी आली. ती नम्रपणे नाकारण्यात आली.

वीज जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. इलेक्ट्रिक गिटारची वीज गेली की हातात नुसती फळी राहते, म्हणून जनरेटर सांगितला होता, माणसासकट. वीज गेली नाही. साडेआठ झाले, वीज आहेच. जनरेटरवाला अस्वस्थ. भाडं पूर्ण घेतलंय, यंत्र एकदाही चालवलं नाही, हे त्याच्या मनाला पटेना. आठ चाळीसला त्यानं प्रामाणिकपणे जनरेटर सुरू केला. तो कुठं जोडलेला नव्हता. पण त्याचा ठोका अण्णांच्या ठोक्याशी इतका जुळला की 'वाइप आउट' चार मिनिटं लांबलं, आणि दोघांपैकी आधी कुणी थांबायचं हे कुणालाच कळेना. शेवटी डिझेल संपलं.

राहिलं शेवटचं. चॅम्प्सचं १९५८ चं 'टकीला'. या धूनमध्ये तीन वेळा सगळं थांबतं आणि एक शब्द बोलायचा असतो, तोच, नावाचा. सबंध संध्याकाळच्या संगीतातला वाजवणाऱ्यांच्या तोंडचा एकमेव शब्द. तालमीत यावरून दोन आठवडे चर्चा झालेली. दारूचं नाव मंगल कार्यालयात घ्यायचं नाही, असं कार्यालयाच्या मालकांचं म्हणणं, आणि ते रास्त होतं. मग दुसरा शब्द कुठला? मराठी घ्यावा तर अण्णांचे लोक. कन्नड घ्यावा तर काकांचे. कोकणीला अंकल एकटेच. काकांनी 'जय' असं सुचवलं. कुणाचा, यावर ते अडलं. शेवटी अंकलनी, जे दोन आठवडे गप्प होते, चहाबरोबर समोर आलेल्या मिठाईच्या बशीकडं बोट दाखवलं. चौघांनी बशीकडं पाहिलं. वाद मिटला.

धून सुरू झाली. पहिल्यांदा थांबली. चौघांनी एकदम माईकवर म्हटलं: "कुंदा!"

सभागृह क्षणभर थबकलं आणि मग हसलं. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा अर्धं सभागृह त्यांच्याबरोबर ओरडलं. तिसऱ्यांदा मंडप उठला. मराठी, कन्नड, कोकणी, मागचे गिटार विकत घ्यायला आलेले, दारातला जनरेटरवाला, सगळे. आजी काठी आपटून ओरडल्या. त्यांच्या मते गाणारा आला होता. वन्स मोअर झाला, मग पुन्हा झाला, आणि दहाचा नियम नसता तर अजूनही चालू असता. बेळगावात एकाच वेळी एकाच शब्दावर एवढी माणसं एकमतानं ओरडलेली मी पाहिलेली नाहीत.

पडदा पडल्यावर काका घाम पुसत म्हणाले की आता दर वर्षी करायचं. शेटनी कुंद्याचा पुडा फोडला. खास कार्यक्रमासाठी आणलेला, शहापुरातल्या त्यांच्या नेहमीच्या दुकानातला. अंकलनी चमचा घेतला, तोंडात घातला, जरा वेळ जिभेवर ठेवला आणि सहज म्हणाले, "बरा हाय. खरं कॅम्पातला कुंदा निराळाच ओ."

शेटनी पुडा मिटला. काका म्हणाले कॅम्पातल्या कुंद्यात साखर जास्त, खवा कमी. अण्णा म्हणाले दोन्ही भागांतले हल्ली यंत्रावर घोटतात, खरा कुंदा वडगावला एका घरी मिळतो, पण ते सगळ्यांना देत नाहीत. अंकल कोकणीत काहीतरी बोलले. ते या वेळी सगळ्यांना कळलं.

पुढची तालीम अजून ठरलेली नाही. शेटच्या माडीला कुलूप आहे, आणि अंकलचा बेस आतच राहिलाय.